श्रावणातली फिश

मावशीच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा श्रावण चालू होता. साल २०१९. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या मावशीच्या घरात मासळी बंद, सोमवारी कांदा-लसूणही बंद, आणि त्या कागदाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं, ‘फिश करून घ्यावी.’ मावसभाऊ फोनवर वाचून दाखवत होता. मागून मावशीचा आवाज आला, "फिश? आनी श्रावणांत?"

आमच्याकडे बोलणं असं सरमिसळीचं. भांडण आणि स्वयंपाक कोकणीत. आरत्या, पेपर, पत्रं आणि हिशेब मराठीत. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. ‘ती कॅन्सरवर काम करते’ ही माझी घरातली ओळख. माझ्या नावामागचं डॉक्टर पीएचडीचं आहे, मी कुणाला साधं क्रोसिनसुद्धा लिहून देऊ शकत नाही, हे सांगून सांगून मी थकले. तरी खोकल्यापासून किडनीपर्यंत सगळं माझ्या फोनवर येतंच.

तर फिश म्हणजे मासळी नव्हे. फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. स्तनाच्या गाठीचा तुकडा काढला की त्यातल्या पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन किती आहे ते रंग चढवून बघतात आणि शून्य ते तीन असे गुण देतात. तीन म्हणजे भरपूर, शून्य-एक म्हणजे नाही. मावशीला दोन मिळाले होते, आणि दोन म्हणजे सांगता येत नाही. मग प्रथिन सोडून थेट जनुकं मोजायची. हर-टूचं जनुक १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. त्या जनुकाला एका रंगाचा चमकणारा ठिपका लावायचा, गुणसूत्राच्या मध्याला दुसऱ्या रंगाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतले ठिपके मोजत बसायचं. गुणोत्तर दोन किंवा त्याहून जास्त भरलं तर हर-टू पॉझिटिव्ह.

मावशीचं तीनच्या वर आलं. मी फोनवर म्हटलं, बातमी चांगली आहे. पलीकडे कुणी काही बोललं नाही. पॉझिटिव्ह ही चांगली बातमी कशी, हे पटवणं अवघडच होतं, आणि खरं सांगायचं तर १९९८ च्या आधी तीच वाईट बातमी होती. ही गाठ वेगाने वाढते, लवकर पसरते. १९९८ साली ट्रास्टुझुमॅब बाजारात आलं आणि तोच आकडा ‘तुमच्यासाठी औषध आहे’ असं सांगू लागला. २०१४ पासून ते भारतात बनवलेलंही मिळू लागलं. नाहीतर मावशीच्या घरातली चर्चा जमीन विकण्यापाशी पोचली असती.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, सोबत हे दर तीन आठवड्यांनी. दिवाळीनंतर मी चोडणला गेले. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे उतरलं की कांदळवन, मग मावशीचं घर. डोक्याला पंचा गुंडाळून ती सोप्यावर बसली होती. मला चहासुद्धा न विचारता म्हणाली, "तें औषध ताका कशें कळटा गो? गाठ खंय आसा तें?"

अकरा वर्षं मी याच प्रश्नावर पगार घेत होते. उत्तर तयार होतं. मी अर्जुनाची गोष्ट सांगितली. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पोपटाचा डोळा तेवढा दिसतो. पेपरवाल्यांना मी हेच सांगत असे. त्यांनाही ते आवडे आणि धनुष्यबाणाचं चित्र छापून येई.

मावशीने पंच्यावर हात ठेवला. "मग केस?"

म्हटलं, ते दुसऱ्या औषधाने गेले, केमोच्या. हे नेमाचं औषध वेगळं.

"मग दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो कशाला काढतात? काळजाचा?"

ती इकोकार्डिओग्रामबद्दल बोलत होती. तिथे मी अडले. कारण हृदयाच्या स्नायूंच्या पेशींवरही हर-टू थोडंसं असतं, आणि औषध तिथेही जाऊन बसतं. काहींच्या हृदयाचा पंप त्याने मंदावतो. म्हणून तपासत राहायचं.

"म्हणजे अर्जुनाचा नेम चुकतो," मावशी म्हणाली आणि चहा करायला उठली.

परतीच्या फेरीबोटीत मला माझ्याच धनुष्यबाणाचा राग आला. नेम चुकत नाही हो; नेम नसतोच. ट्रास्टुझुमॅबला डोळा नाही, दिशा नाही. ते पाचेक लिटर रक्तातून नुसतं वाहत राहतं, यावर आपटतं, त्यावर आपटतं, आणि जिथे त्याच्या आकाराची खाच सापडेल तिथे चिकटतं. मावशीच्या गाठीच्या पेशींवर त्या खाचा निरोगी पेशींपेक्षा कित्येक पटींनी जास्त होत्या, म्हणून तिथे जास्त चिकटलं. एवढंच. ‘लक्ष्यवेधी उपचार’ हा शब्द ज्याने कुणी मराठीत आणला त्याने छान शब्द आणला, पण त्यातला वेध आपण घातलेला आहे, औषधात तो नाही.

आता माझ्या कामाबद्दल. मी जनुकोपचारावर काम करते. दोष असलेलं जनुक दुरुस्त करणं हा त्याचा एक प्रकार. आमचा प्रकार जरा विघ्नसंतोषी आहे, आम्ही कॅन्सरच्या पेशीला आत्मघाताचं जनुक देतो. ताप येऊन गेल्यावर ओठावर जे फोड उठतात त्या हर्पीस विषाणूचं थायमिडीन कायनेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते बनवण्याचा मजकूर पेशीत घुसवायचा आणि मग गॅन्सिक्लोव्हिर हे औषध द्यायचं. ज्या पेशीत हे एन्झाइम नाही तिला त्या औषधाचा फारसा त्रास नाही. ज्या पेशीत आहे ती औषधाचं विष स्वतःच शिजवते, ते तिच्या डीएनएत जाऊन बसतं, आणि नक्कल करता करता ती मरते. गंमत म्हणजे शेजारची पेशीही मरते, कारण पेशींना एकमेकींत बारीक दारं असतात आणि शिजलेलं विष त्यातून झिरपतं. सगळ्या पेशींपर्यंत पोचायला नको, थोड्यांपर्यंत पोचलं तरी चालेल, हा या पद्धतीचा मोठा आधार.

मजकूर घालायचा तो चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत. कोविडच्या एमआरएनए लशींमुळे ही गोष्ट आता समजावून सांगावी लागत नाही. आमच्या कणांना बाहेरून फॉलिक अ‍ॅसिडची शेपटं लावलेली असतात. गरोदरपणात गोळ्या देतात तेच. काही कॅन्सरच्या पेशी फॉलिक अ‍ॅसिडला हपापलेल्या असतात, ते पकडणारे हात त्यांच्या अंगावर खंडीभर असतात. शेपूट पकडायला जातील आणि कण ओढून घेतील, असा बेत.

तीन महिने बेत काही जमेना. शेपटीवाले कण आणि बिनशेपटीचे कण, दोन्हींचे आकडे तंतोतंत सारखे. मी शेपटीची लांबी बदलली, चरबीचं प्रमाण बदललं, विद्यार्थ्यांवर चिडले, एकदा पिपेट कॅलिब्रेट करणाऱ्या माणसावरही चिडले. शेवटी एमएस्सीच्या एका मुलीने डबा खाता खाता विचारलं, "मॅडम, आपल्या मीडियममध्ये फॉलिक अ‍ॅसिड असतं ना?"

असतं. पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढवतात त्या आरपीएमआयमध्ये लिटरला एक मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, माणसाच्या रक्तातल्या फोलेटपेक्षा (तेच जीवनसत्त्व, नैसर्गिक रूपातलं) कितीतरी पट जास्त. म्हणजे आमचे कण पोचण्याआधीच पेशीचे सगळे हात भरलेले. चवथीच्या दिवशी दारात पाहुण्यांची एवढी गर्दी की भटजींनाच आत यायला वाट नाही, तसं. फॉलिक अ‍ॅसिड नसलेलं आरपीएमआय वेगळं मिळतं, हे या क्षेत्रातल्या पहिल्या दहा लेखांत लिहिलेलं आहे. मी ते दहाही लेख वाचलेले होते. नवीन बाटल्या मागवल्या तर त्या जोडसुट्टीत कुरियरच्या गोदामात चार दिवस तापत पडल्या आणि पुन्हा मागवाव्या लागल्या. तो भाग सोडून देते, रक्तदाब वाढतो.

त्या पेशींचंही एक आहेच. फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात केबी नावाच्या पेशी सर्रास वापरतात. १९५० च्या दशकात त्या तोंडाच्या कॅन्सरच्या म्हणून नोंदवल्या गेल्या. पुढे तपासणीत कळलं की त्या तोंडाच्या नाहीतच, त्या हेला आहेत, म्हणजे बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्सच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या. त्या बाई १९५१ साली गेल्या. पेशी इतक्या जोमदार की कुठल्या तरी प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या भांड्यात घुसल्या आणि ते भांडंच बळकावून बसल्या. तरी आजही लेखांत ‘तोंडाच्या कॅन्सरच्या केबी पेशी’ असं छापून येतं. आमच्या पहिल्या लेखात मीही तेच लिहिलं होतं. आता दर वर्षी पेशींची डीएनए-ओळख तपासून घेतो आणि डब्यावर खरं नाव लिहितो.

मीडियम बदलल्यावर भांड्यात सगळं सुरेख झालं. पेशी धडाधड मेल्या. नेमक्या याच टप्प्यावर वर्तमानपत्रात ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ येतं. भांड्यातल्या पेशी ब्लीचनेही मरतात, हे त्या बातमीत नसतं.

मग उंदीर. नीतिमत्ता समितीची परवानगी, आणि आधी दोन आठवडे त्यांनाही फोलेट नसलेलं खाद्य, कारण उंदरांच्या नेहमीच्या खाद्यातही ते भरपूर असतं. (या वेळी मी आधी वाचलं.) घातक मजकूर देण्यापूर्वी कण पोचतात कुठे हे बघायचं, म्हणून आत काजव्याचा मजकूर भरला. काजवा ज्या एन्झाइमने चमकतो त्याचा. कण उंदराच्या शेपटीतल्या शिरेतून द्यायचे, काही तासांनी उंदराला गुंगी देऊन, ल्युसिफेरिन (त्या एन्झाइमला चमकायला लागणारं रसायन) टोचून काळ्या पेटीत ठेवायचं आणि कॅमेऱ्याने बघायचं. जिथे मजकूर वाचला गेला तिथे उजेड.

गाठ उजव्या कुशीत होती. उजेड पोटाच्या वरच्या भागात होता. सहाच्या सहा उंदरांत. यकृत पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी भरलेल्या झाडासारखं पेटलेलं आणि गाठ काळोखात.

हे आमचंच दुर्दैव नाही. टोरांटोतल्या एका गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले असले प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत किती पोचले? मध्यक ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा धड नाही. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हा आकडा तोंडपाठ आहे आणि अनुदानाच्या अर्जात तो कुणीही पहिल्या पानावर लिहीत नाही.

पोचवण्याचा प्रश्न किती महाग पडू शकतो हे माझ्या पिढीने विद्यार्थी असताना ऐकलंय. १९९९ च्या सप्टेंबरात जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा अमेरिकेत जनुकोपचाराच्या चाचणीत गेला. त्याला कॅन्सर नव्हता, यकृतातल्या एका एन्झाइमची जन्मजात कमतरता होती. वाहन म्हणून वापरलेल्या विषाणूवर त्याच्या शरीराने हल्ला चढवला आणि चार दिवसांत एकेक अवयव बंद पडला. आणि २००० साली आमच्याच आत्मघाती जनुकाचा, मेंदूच्या गाठींवरचा मोठा प्रयोग छापून आला. २४८ रुग्ण. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या जोडीला हा उपचार दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गट सारखेच जगले. तर्क बरोबर होता; पुरेशा पेशींपर्यंत जनुक पोचलंच नाही.

हे मी कुणाला फोनवर सांगत नाही. फोन मात्र येतात. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्याकडच्या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार१९ ला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. बातमी खरी होती, अभिमानाची होती, आणि दोन आठवडे माझा फोन थांबला नाही. फेरीबोटीवर दिसणारे एक गृहस्थ, नुसती मान हलवण्यापुरती ओळख, एका संध्याकाळी धक्क्यावर माझी वाट बघत उभे होते. मुलाला स्वादुपिंडाचा. "ते मुंबईचं नवीन आमच्याला चालेल का हो?"

नाही चालत. कार-टीत रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवीन जनुक घालतात, वाढवतात आणि शिरेतून परत देतात. म्हणजे जनुक शरीराबाहेर, भांड्यात घातलं जातं. पोचवण्याचा माझा सगळा तमाशाच त्यात नाही. नेक्सकार१९ च्या त्या पेशी सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशींना धरतात. त्यामुळे ठरावीक रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या उपयोगी पडतात, जिथे शत्रू बराचसा रक्तात आणि मज्जेतच भेटतो. स्वादुपिंडाची गाठ म्हणजे तटबंदी, आणि वर तिच्यावर ती खूणच नाही. यातलं मी त्यांना किती सांगितलं? खूण जुळत नाही एवढं. ते म्हणाले, "बरं, बरं," आणि माझ्याआधी बोटीत चढले. बोट सुटेपर्यंत आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो.

मावशीचं वर्ष पूर्ण झालं, मग गोळ्यांची वर्षं, मग नुसत्या तपासण्या. ती ठीक आहे. गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून ती नारळ खवत होती आणि तिने तोच प्रश्न पुन्हा काढला. या वेळी मी अर्जुनाला बोलावलं नाही. तात्यांना बोलावलं.

तात्या म्हणजे मावशीचे यजमान. ते होते तोवर खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, मानशीच्या पावणीत (लिलावात) बोली लावायचे. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार; भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. रात्री ओहोटीच्या वेळी दारावर जाळं लावून तात्या कंदील घेऊन बसायचे. ते मासळीमागे धावत नसत. पाणी आपसूक निघून जायचं. शेवटे, काळुंद्रां, सुंगटां जाळ्यात राहायची. गाठीच्या रक्तवाहिन्या अशाच, म्हटलं. घाईघाईत बांधलेल्या, भोकं पडलेल्या. कण त्यातून गाठीत गळतात आणि बाहेर जायला धड वाट नसते म्हणून अडकून राहतात. १९८६ साली जपान्यांनी हे दाखवलं. उंदरांत ते बरं चालतं, माणसांत त्या मानाने कमी, कारण सगळ्याच गाठी काही एवढ्या फाटक्या नसतात.

"आणि बाकीचं औषध? जाळ्यात न आलेलं?"

"यकृतात."

"म्हणजे काळजात?" मटणवाल्याच्या दुकानातलं काळीज ते यकृतच, तेव्हा शब्द बरोबर होता. मावशी खवणीवर हात ठेवून हसायला लागली. "गाठीक शंभरातलें एक ना, आनी सगळें काळजाक लागता!"

मग खवणं पुन्हा सुरू झालं आणि थोड्या वेळाने ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, अगं मग त्या काळजाला आधी काहीतरी भरव ना. पहिली पंगत उठव. भुकेले आधी जेवून गेले की मग खऱ्या पाहुण्यांचं पान शांतपणे वाढता येतं.

मी तिला सांगितलं की हे टोरांटोवाल्यांनी २०२० साली करून बघितलंय. उंदरामागे एक लाख कोटींहून जास्त कण दिले की यकृतातल्या भक्षक पेशी भरून जातात आणि गाठीपर्यंत १२ टक्क्यांपर्यंत पोचतात. मावशीला राग आला. आपली कल्पना आधीच कुणीतरी, तीही कॅनडात, वापरलीय हे तिला अजिबात आवडलं नाही. शिवाय पंगत उठवली तरी माझा अर्धाच प्रश्न सुटतो, कारण रक्तातलं एपोई नावाचं प्रथिन आमच्या कणांना चिकटून त्यांना यकृताच्या नेहमीच्या पेशींच्या दारात नेऊन सोडतं, आणि त्यांचं पोट काही भरत नाही. तो भाग मी सांगितला नाही. करंज्या तळायच्या होत्या.

आम्ही एकदा करून पाहिलंय. आधी रिकामे कण, सहा तासांनी मजकुराचे. फरक दिसला नाही. आता मधलं अंतर एक तासावर आणतोय. उंदरांचं फोलेट नसलेलं खाद्य सुरू होऊन शुक्रवारी दोन आठवडे झाले.

काल रात्री मावशीचा फोन आला होता. आधी इकोचा रिपोर्ट सांगितला, मग विचारलं, "पयली पंगत जेवली गो?"

म्हटलं, सोमवारी.